वर्धेच्या पात्रातल्या दोन हद्दी

आमच्या घरात भिंतीवर खिळा ठोकायचा झाला तर आधी टेप बाहेर येतो, मग पेन्सिल, आणि मग माझा आवाज. माझे यजमान कॉलेजात कारकून होते, स्वभावाने गरीब. ते खिळा हातात धरून मुकाट्याने उभे राहतात. जरा डावीकडे, नाही, तेवढं नाही, थोडं खाली, असं माझं चाललेलं असतं आणि एक कॅलेंडर टांगायला अर्धी सकाळ जाते. नालवाडीत आम्ही घर बांधलं तेव्हा गवंडी माझ्यासमोर ओळंबा लावायला तयार नसे, कारण त्याचं झालं की मी तो पुन्हा लावून पाहायची. पण मी तरी काय करू? सगळी नोकरी लोकांच्या जमिनी मोजण्यात गेली. भूकरमापक हे माझ्या हुद्द्याचं सरकारी नाव, पण गावोगाव मला ओळखत ते मोजणीवाली बाई म्हणून.

मोजणी म्हणजे भांडणाचं काम, असं लोक म्हणतात. असेलही. मला मात्र ते मनापासून आवडलं. सकाळी धुऱ्यावर उभं राहावं, धुरा म्हणजे आमच्याकडचा शेताचा बांध, तुरीच्या ओळींमधून पलीकडची झेंडी दिसावी, दोन्हीकडचे शेतकरी एकमेकांचं तोंड न पाहता माझ्या तोंडाकडे पाहत असावेत, आणि मी एक दगड दाखवून म्हणावं, "ही तुमची हद्द." मग दोघंही नाराज. दोघंही सारखेच नाराज असले की समजायचं, मोजणी बरोबर झाली. अशा दिवशी मी घरी येताना आलुबोंडे घेऊन यायची.

पण माझा जीव खरा रमला तो शेतात नाही, नदीत. वर्धा नदी म्हणजे आमच्या जिल्ह्याची पश्चिमेची कड. आज पुलावरून गाडी जाते तेव्हा एक पाटी येते, आपला जिल्हा संपला, पुढे अमरावती. गाडीत कोणी मान वर करूनही पाहत नाही. मला मात्र दर वेळी सांगावंसं वाटतं की बाबांनो, ही साधी जिल्ह्याची कड नव्हे, एके काळी इथे दोन राज्यं एकमेकांना भिडत होती. अलीकडे नागपूरकरांचं राज्य, पलीकडे निजामाचा वऱ्हाड. पुढे दोन्हीकडे इंग्रज आला, तरी बरीच वर्षं त्याने हे दोन मुलूख वेगळेच चालवले आणि मोजणीही दोन्हीकडे आपापल्या धाटणीने झाली. अलीकडची साखळी सहासष्ट फुटांची, तिला शंभर कड्या. पलीकडची तेहतीस फुटांची, तिचे सोळा आणे. अलीकडे एकराचे डिसमिल, पलीकडे गुंठे. अलीकडचे मोजणीदार आपल्या काठापर्यंत आले, शेवटचा दगड रोवला आणि घरी गेले. पलीकडच्यांनीही तेच केलं. नदीत कोण उतरतो! दोन नकाशे शेजारी शेजारी ठेवले की मधे एक कोरा पट्टा राहतो, आणि तो ज्याला जेवढा रुंद हवा तेवढा करता येतो. नोकरीच्या सुरुवातीला मला हे पहिल्यांदा दिसलं तेव्हा मी टेबलावर डोकं ठेवून हसले होते.

मुलूख एकत्र झाले, राज्यं बदलली, आम्ही कधी मध्य प्रदेशात तर कधी मुंबई राज्यात गेलो आणि शेवटी महाराष्ट्रात येऊन स्थिर झालो. तो पट्टा मात्र कोरा तो कोराच. कोणाचं काही अडलंही नाही, पाण्यात कोणी कपाशी लावत नाही. मग घराघरात सिमेंट आलं, रेतीला मोल आलं, आणि अचानक दोन्ही जिल्ह्यांना नदीतली कुठली रेती आपली हे कळायला हवं झालं. तेव्हा हुकूम निघाला की दोन्हीकडच्या मोजणीदारांनी मिळून पात्रातली हद्द ठरवावी. आमच्याकडून मला पाठवलं. तेव्हा माझे केस काळे होते आणि आवाज आताच्यापेक्षा मोठा होता.

पलीकडून जे आले त्यांना मी कधी नावाने हाक मारली नाही. घरी त्यांचा उल्लेख निघाला तर 'पलीकडचे' एवढंच म्हणायची. माझ्याच हुद्द्याचे, माझ्याहून चार वर्षं मोठे, उंच, काटकुळे, डोक्याला पांढरा रुमाल बांधलेला, आणि बोलणं असं की नदी जणू त्यांच्या बापजाद्यांनीच खणली आहे. काम मात्र त्यांचं देखणं. वाऱ्यात मोजणीच्या फळ्यावरचा कागद न हलू देता ते अशी बारीक रेघ ओढत की पाहत राहावं. मी पाहत राहायची, पण तोंडाने कधी म्हटलं नाही.

हद्द नदीच्या मधोमध धरायची, इथवर आमचं एकमत होतं. मधोमध म्हणजे कशाच्या, इथे घोडं अडलं. मी म्हणत होते, उन्हाळ्यात जिथे खोल धार वाहते ती नदी, तिच्या मधे हद्द. ते म्हणत होते, काठापासून काठापर्यंत मोजा आणि निम्मं करा. त्या भागात धार नेमकी त्यांच्या काठाला चिकटून वाहत होती. त्यामुळे माझ्या रेषेने बरीचशी वाळू वर्धा जिल्ह्यात येत होती आणि त्यांच्या रेषेने ती अर्धी अमरावतीला जात होती. आम्ही दोघंही तत्त्वासाठी भांडत होतो. ते तत्त्व आपल्याच जिल्ह्याच्या सोयीचं आहे, हे प्रत्येकाला फक्त समोरच्याच्या बाबतीत दिसत होतं.

"मॅडम, नदी काठाची असते का पाण्याची?" ते विचारायचे.

"साहेब, पाणी नसन त तिले नदी कोण म्हणन?"

"पाणी त दरसाल जागा बदलते. हद्द बी दरसाल बदलवान का?"

"काठ का बदलत नाई? तुमचा त मागच्या पुरात ढासळला."

दोन रेषांच्या मधे एक वाळूचं बेट होतं, त्यावर बेशरमीची दाट झुडपं वाढलेली. आम्ही त्या बेटाच्या सावलीला बसून वेगवेगळे डबे खायचो आणि भांडायचो. शेवटी एका नकाशाऐवजी वर दोन नकाशे गेले. पुढे त्यांचं काय झालं ते वरच्यांना माहीत. आमचं मात्र त्यानंतर नोकरीभर चाललं. नागपूरला कसलं प्रशिक्षण असलं, कसली बैठक असली की दुरूनच त्यांची आरोळी यायची, "काय वो मॅडम, सरकली का नदी?" मी म्हणायची, "तुमच्याकडूनच सरकते साहेब, आमी त जागेवरच आहो." सगळे हसायचे. खरं सांगायचं तर कुठे बैठक ठरली की मी त्या आरोळीची वाट पाहायची. पण जेवायला कधी एका टेबलावर बसले नाही.

आमची लेक माझ्याच धंद्यात आली. फक्त तिने साखळी कधी हातात धरली नाही. ती ड्रोन उडवते. माझी दोन दिवसांची मोजणी ती चहा होईपर्यंत उरकते आणि वर मला म्हणते, "आई, तू उगाच उन्हात काळी पडली." तिच्या कंपनीला हायवेच्या मोजणीचं काम मिळालं तेव्हा त्यांचा मुक्काम जाम गावी होता. तिथल्या चौफुलीवर चहाच्या टपरीवर तिची एका मुलाशी ओळख झाली. तोही मोजणीवालाच, त्याच कंपनीतला. वर्षभराने एका रविवारी मी पातोडीच्या रस्स्याला फोडणी देत असताना ती स्वयंपाकघरात येऊन ओट्यावर बसली. ओट्यावर बसली म्हणजे काहीतरी मोठं आहे, हे मला तिच्या लहानपणापासून ठाऊक.

"आई, मले एक पोरगा आवडते."

मी गॅस बारीक केला. मुलगा कोण, काय शिकला, घरी कोण, सगळं ती सांगत गेली आणि मला सगळं बरं वाटत गेलं. आपल्यातलाच मुलगा, आईवडील दोघंच घरी, व्यसन नाही, आणि त्याला स्वयंपाक येतो. मग मी विचारलं, वडील काय करतात?

"रिटायर झाले. तुह्यासारखेच मोजणीत होते. नदीच्या पलीकडे." ती माझ्याकडे न पाहता म्हणाली, "ते तुले ओळखतात. म्हणे, त्या बाईले कोण नाई ओळखत."

फोडणी करपली. माझे यजमान बाहेरच्या खोलीतून धावत आले. त्यांना वाटलं, काही पेटलं. मी त्यांना सांगितलं की तुमच्या लेकीने पलीकडच्यांचा मुलगा पसंत केला आहे, तर ते जोरात हसले आणि माझं तोंड पाहून लगेच थांबले.

मला मुलगा नापसंत नव्हता, हे आधीच सांगते. तो एकदा घरी येऊन गेला, त्याने आमच्या गच्चीचा उतार नुसत्या नजरेने बरोबर सांगितला आणि मी मनातल्या मनात त्याला जावई करून टाकलं. प्रश्न एवढाच होता की पहिलं कोणी कोणाकडे जायचं. मी म्हणाले, मुलाकडच्यांनी मागणी घालायला यावं, ही रीत आहे. तिकडून निरोप आला, पोरांनी आपलं आपण जमवलं, आता मागणी कशाची? मुलीकडच्यांनी घर पाहायला यावं, हीसुद्धा रीतच आहे. मी म्हणाले, घर आम्ही पाहू, पण आधी त्यांनी यावं. ते म्हणाले, आम्ही येऊ, पण आधी त्यांनी यावं. माझे यजमान म्हणाले, "मी एकटा जाऊन येऊ का?" मी त्यांच्याकडे असं पाहिलं की ते पेपर वाचू लागले. आता लिहिताना मलाच हसू येतं, पण त्या दिवसांत मी हे सगळं अगदी गंभीरपणे बोलत होते. नोकरीभर ज्या माणसाला एक फूट वाळू दिली नाही, त्याच्या दारात पहिलं पाऊल मी टाकायचं?

अशात उन्हाळा आला. पावसाळ्याआधी दोघांनाही कंपनीच्या कामाला बाहेर जायचं होतं. लग्न झालेलं असलं तर दोघांना मिळून ओडिशात एका ठिकाणी पाठवणार होते, नाही तर ती एकीकडे आणि तो आसामच्या कुठल्याशा टोकाला. एका संध्याकाळी लेक पुन्हा ओट्यावर येऊन बसली. या वेळी ती शांत होती, आणि ती शांत असली की मला भीती वाटते.

"आई, कोर्टात जाऊन सही करायले मले भेव नाई. तो बी तयार आहे. पण मले तसं लग्न नाई पायजे. मले तू पायजे आणि त्याचे बाबा पायजे, दोघं एका जागी, शेजारी शेजारी. ते जमत नसन त राहू दे. मी माह्या कामावर चालली जाईन, तो त्याच्या."

"एवढं काय त्यात," मी म्हणाले.

"तूच सांग ना, एवढं काय त्यात," ती म्हणाली आणि उठून गेली. ती रात्रीचं जेवली नाही. मीही जेवले नाही, फक्त ती न जेवल्यामुळे नाही हे मला कळत होतं.

तोडगा माझ्या यजमानांनी काढला. दुसऱ्या दिवशी भाजी निवडता निवडता ते म्हणाले, "तुमी कोणीच कोणाकडं जाऊ नका. हद्दीवर भेटा. आपण आपल्या हद्दीपर्यंत जाऊ, ते त्यांच्या हद्दीपर्यंत येतीन. कोणी कोणाची पायरी चढली नाई, काम बी झालं." मला ते एकदम पटलं. असं मोजूनमापून सुचवलेलं काही मला लगेच पटतं. तिकडूनही ताबडतोब होकार आला. निरोप एवढाच होता, रविवारी सकाळी ऊन चढायच्या आत, नदीत, बेटाजवळ, हद्दीवर. दोन्ही घरांत कोणीही विचारलं नाही की कोणाच्या हद्दीवर. मोजणीत जन्म घालवलेल्या दोघांना तो प्रश्न सुचला नाही, कारण आपली सोडून दुसरी हद्द असू शकते हे दोघांनी कधी मानलंच नव्हतं.

त्या रविवारी मी पहाटेच आंघोळ करून ठेवणीतली साडी नेसले. गोरसपाकाचे, म्हणजे आमच्या वर्ध्याच्या बिस्किटांचे, पुडे घेतले, थर्मासमध्ये चहा, डब्यात पातोडी आणि पोळ्या, वर एक सतरंजी. पुलगावच्या बाजूने गाडी काठाशी लावून आम्ही तिघं वाळूत उतरलो. वैशाखातली नदी म्हणजे सगळी वाळूच, आणि लांब पलीकडच्या काठाला चिकटलेली पाण्याची एक पट्टी. इतक्या वर्षांत तिने जागा बदलली नव्हती हे पाहून मला फार बरं वाटलं. बेटावर बेशरम पूर्वीपेक्षाही दाट माजली होती. आम्ही बेटाच्या वरच्या अंगाने वळसा घालून थेट धारेपर्यंत गेलो. मी चपला काढून पाण्यात पाय घातले, मागे फिरून दोन पावलं आले आणि म्हणाले, "ही हद्द. इथे सतरंजी टाका."

सतरंजी टाकली. आम्ही बसलो. समोर त्यांचा काठ इतका जवळ की तिथल्या शेळ्यांच्या गळ्यातल्या घंट्या ऐकू येत होत्या. पण माणूस कोणी दिसेना. ऊन चढायला लागलं. माझ्या मनात हळूहळू राग भरत होता आणि त्याखाली एक भीती, की हा माणूस आलाच नाही तर? लेक एकदा घड्याळाकडे पाहत होती, एकदा माझ्याकडे. शेवटी तिचा फोन वाजला.

"कुठी हा तुमी?" तिकडून मुलगा विचारत होता.

"आमी केव्हाचे येऊन बसलो हद्दीवर."

"काऊन मजाक करून राह्यली? आमी घंटाभरापासून हद्दीवर बसलो आहो. बाबा भडकून राह्यले."

फोनमधून पलीकडच्यांचा आवाज आला, "विचार त्या मॅडमले, वेळ पाळायची असते का नाई?" मी लेकीच्या हातून फोन घेतला आणि सांगितलं की मी वेळेच्या आधीपासून इथे आहे आणि डोळे फुटेपर्यंत त्यांच्या काठाकडे पाहते आहे. ते म्हणाले, "मी बी तुमच्या काठाकडंच पाहून राह्यलो. कुत्रं बी नाई तिकडं."

लेकीने दोन्हीकडची बोलणी ऐकली. मग ओढणी कमरेला खोचली आणि काटेकुटे बाजूला सारत बेटाच्या उंचवट्यावर चढली. वर उभी राहून तिने एकदा पुढे पाहिलं, एकदा मागे पाहिलं, आणि खाली बसली. मला वाटलं, काही चावलं. ती हसत होती. पोट धरून, डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसत होती.

"आई," तिला बोलता येईना, "आई, ते तुह्या मागं बसले! आपल्या साइडले!"

मी उभी राहिले आणि मला सगळं एकदम कळलं. माझी हद्द त्यांच्या काठाशी, म्हणून मी हट्टाने तिथवर चालत गेले होते. त्यांची हद्द पात्राच्या बरोबर मध्यात, म्हणून ते हट्टाने पाण्यातून पँट वर करून, बेटाच्या खालच्या अंगाने, मध्यापर्यंत आले होते, आणि मधे बेशरमीचं रान असल्याने कोणी कोणाला दिसलं नव्हतं. मुलाच्या हाती टेपचं टोक देऊन त्यांनी म्हणे जुन्या नकाशातल्या रुंदीचं निम्मं आपल्या काठापासून मोजून घेतलं होतं, मगच सतरंजी टाकली. आपल्या हद्दीबाहेर एक पाऊल टाकणार नाही, असं म्हणत आम्ही दोघंही एकमेकांना ओलांडून पुढे जाऊन बसलो होतो. माझ्या नकाशाने ते वर्धा जिल्ह्यात आले होते. त्यांच्या नकाशाने मी अमरावती जिल्ह्यात गेले होते.

आम्ही बेटाच्या कडेला समोरासमोर आलो. त्यांचा रुमाल तोच, खाली केस पिकलेले. मागे त्यांच्या बायको, हातात स्टीलचा डबा, चेहऱ्यावर वैतागही आणि हसूही. "घरी कूलरमंधी बसून चहा प्यायचा सोडून हे काय वाळूत," त्या माझ्या यजमानांना म्हणाल्या. दोघांचं क्षणात जमलं. आमचं मात्र वेगळंच सुरू झालं.

"या साहेब," मी म्हणाले, "आलेच शेवटी आमच्या जिल्ह्यात. मागणी घालायले."

"मी कुठी आलो? तुमीच आल्या आमच्याकडं. सरळ धारेपर्यंत येऊन बसल्या. घर पाहायची एवढी घाई?"

"धारेपर्यंत आमचंच आहे."

"तुमच्या नकाशात."

"माझा नकाशा बरोबर आहे."

"मॅडम, काठ मोजा काठ!"

आणि आम्ही वाळूत बोटाने रेघा मारायला लागलो. खरंच. दोन पिकली माणसं, उकिडवी बसून, एकमेकांच्या रेघा तळव्याने पुसत होतो. मला इतका आनंद होत होता की मी कशासाठी आले आहे हेच विसरले. कितीतरी वर्षांनी कोणी माझ्याशी माझ्या बरोबरीने भांडत होतं.

लेकीचं हसू कधी थांबलं ते मला कळलं नाही. तिने बेटावरून एकदा हाक मारली, "आई." मी म्हणाले, "थांब जरा." तिने पुन्हा हाक मारली नाही. मी मान वर केली तेव्हा ती आमच्या काठाकडे चालत निघाली होती, गाडीच्या दिशेने, पाठमोरी, चपला हातात घेऊन तापत्या वाळूत अनवाणी. मुलगा तिच्यामागे जावं की बापापाशी थांबावं अशा घोटाळ्यात उभा होता. "बसा मोजत दोघं," एवढंच ती मागे न पाहता म्हणाली.

माझं बोट वाळूतच राहिलं. मला उठायचं होतं, काहीतरी बोलायचं होतं, पण नोकरीभर जे वाक्य तोंडातून निघालं नाही ते असं ऐन वेळेला निघत नाही.

पलीकडचेच आधी उठले. गुडघ्यावर हात ठेवून, हळूच. पँट पोटरीपर्यंत दुमडलेली, पायाला ओली वाळू, बूट हातात. त्यांनी दूर चाललेल्या पोरीकडे पाहिलं आणि मोठ्याने, तिला ऐकू जाईल असं म्हणाले, "मॅडम, मीच आलो तुमच्याकडं. पोराचा बाप आहो, मागणी घालायले आलो. हद्द धारेतच आहे. तुमचीच बरोबर आहे."

हे ऐकायला मी किती वर्षं थांबले होते! वाटलं होतं, ज्या दिवशी हा माणूस असं म्हणेल त्या दिवशी मी गावाला पेढे वाटीन. आणि तो तसा समोर उभा, बूट हातात घेऊन, माझ्या लेकीसाठी स्वतःची अख्खी नोकरी खोटी ठरवत होता. मला ते घेववेना.

"काही बरोबर नाई माझी," मी उठून म्हणाले. "काठापासून काठ मोजायचं, मग निम्मं. तीच रीत. मी तुमच्या जिल्ह्यात आली. मुलाचं घर पाहायले आली."

"नाई मॅडम. धार तेव्हापासून जागची हालली नाई. तुमी म्हणत होत्या तेच खरं."

"आज नाई हालली, उद्या हालन. तुमीच त म्हणत होते. काठ धरा साहेब."

"मी सांगतो ना, मी तुमच्या हद्दीत उभा आहो!"

"आणि मी तुमच्या! कितीदा सांगू?"

आवाज इतके चढले की पलीकडच्या काठावरच्या शेळ्यासुद्धा थांबून पाहू लागल्या. लेक थांबली. वळून तिने मुलाला हातानेच विचारलं, आता काय?

"उलटे भांडून राह्यले!" तो ओरडला.

ती वाळूतून धावत आली. तिचे डोळे लाल होते आणि ओठ हसू दाबून धरत होते. ती आमच्या मधोमध येऊन उभी राहिली, एक हात माझ्या खांद्यावर, एक त्यांच्या.

"मंग नक्की कोण कोणाकडं आलं?"

"मी," आम्ही दोघं एकदम म्हणालो.